थँक्यू माघारी घेण्याबाबत

"एक महिना! फक्त एका महिन्यात या अख्ख्या गावाला थँक्यू म्हणायला लावते का नाही, बघाच तुम्ही!"

स्वप्नालीनं ही प्रतिज्ञा केली तेव्हा तिच्या एका हातात सांडशी होती, कडेवर अडीच वर्षांची राजनंदिनी होती आणि राजनंदिनीच्या तोंडात आईचं अर्धं मंगळसूत्र होतं. लेकुरवाळ्या बाईनं प्रतिज्ञा करू नये असं काही नाही. पण करायचीच तर आधी गॅस बारीक करावा.

"गावाचं मागून बघू," सासूबाई, म्हणजे छबुबाई, दारातनं म्हणाल्या. "आदी ते दूध बघ. गेलं!"

दूध गेलंच. प्रतिज्ञा मात्र राहिली.

स्वप्नालीला पिंपळटाकळीच्या पोस्टात पोस्टमास्तर म्हणून लागून आठ महिने झाले होते. पोस्ट म्हणजे काय, मारुतीच्या देवळामागची एक खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि फिरतो कमी अन् हलतो जास्त असा एक पंखा. पण ती खुर्ची तिची होती! बारावीला केंद्रात पहिली आलेली ही पोरगी. रुखवतात लाडवांशेजारी स्वतःच्या वह्या मांडून सासरी आलेली. चूल, गोठा आणि बाळंतपण यातनं मान वर काढून त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसली, तेव्हा केजच्या तहसीलदारापेक्षा आपण दोन बोटं उंच आहोत असं तिला वाटलं होतं. पाय जमिनीला टेकत नव्हते, ते खुर्ची उंच होती म्हणून.

तर ती नुकतीच पाच दिवसांच्या ट्रेनिंगला गेलती. तिथल्या मॅडमनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: थँक्यू. "माणूस तुमच्या दाराशी आला, थँक्यू म्हणा. गेला, थँक्यू म्हणा. भांडून गेला तरी त्याच्या पाठीला थँक्यू म्हणा!" बाकीच्यांनी तो शब्द वहीत उतरवला. स्वप्नालीनं काळजात उतरवला. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून विचार करत राहिली, की खरंच, आपण दिवसभर माणसांकडून किती घेतो! आणि म्हणतो काय? "ठेव तिथं."

आता, पिंपळटाकळीत थँक्यू हा शब्दच नव्हता असं नाही. होता की! उसाच्या ट्रॉलीमागं पिवळ्या अक्षरात होता. दोन किलोमीटर तिच्या मागं धूळ खायची आणि मग वाचायचं, थँक्यू. लग्नाच्या मांडवाला थर्माकोलचा असायचा, जेवून बाहेर पडणाऱ्या उंच माणसाच्या कपाळावर बसेल असा. कुठल्याशा कंपनीच्या बाईचा फोन आला की तिच्या बोलण्याच्या शेवटी असायचा, आणि मग टुक टुक टुक. म्हणजे शब्द गावात होता, पण पाव्हण्यासारखा, ओसरीवर. चुलीपर्यंत कधी आला नव्हता. घरच्या माणसाला थँक्यू म्हणणं म्हणजे घरातल्या घरात चप्पल घालून हिंडणं!

स्वप्नालीनं त्याला हाताला धरून आत आणला.

पहिला प्रयोग नवऱ्यावर. अजिनाथ केजच्या रस्त्याला जीप चालवायचा. संध्याकाळी येताना त्यानं मेथीची जुडी आणली.

"थँक्यू हं!" स्वप्नाली म्हणाली.

अजिनाथ उंबऱ्यातच थांबला. एक चप्पल पायात, एक बाहेर.

"काय झालं?"

"काही नाही. थँक्यू म्हटलं."

"माहेराहून फोन आलता का?"

"नाही हो."

"मग काय आनायचंय? सरळ बोल. मागच्या बारीला तू अशी गोड बोललीस तवा माझ्या जीपमदी तुझ्या मावशीचं आख्खं कपाट आनावं लागलंतं!"

दुसरा प्रयोग सासूबाईंवर. सकाळी छबुबाईंनी चहाचा कप पुढं सरकवला.

"थँक्यू, आत्या."

"कावून? मी काय ष्ट्यांडवरची चहावाली हाय का?" छबुबाई गुडघा चोळता चोळता थांबल्या. "आन् आज म्हनलीस, कालच्याचं काय? पाच वर्सं झाली चहा देतीय. ते समदे कप गेले का वाऱ्यावर?"

तिसरा प्रयोग पोस्टात. म्हातारे मुंजाजीबाबा रजिस्टर पत्र न्यायला आले. सही म्हणून अंगठा दिला, पत्र बंडीच्या खिशात घातलं, निघाले.

"थँक्यू, मुंजाजीबाबा!"

मुंजाजीबाबा पायरीवर मटकन बसले. "कोन गेलं, माय?"

"कुणी नाही हो! उगं म्हटलं."

"उगं कोन म्हनतंय का असलं? उघड ते पत्र. वाच. धीरानं वाच."

पत्र बियाणं-कंपनीच्या मेळाव्याचं होतं. तिला ते दोनदा वाचून दाखवावं लागलं, आणि शेवटी मुंजाजीबाबांना पाणी द्यावं लागलं.

दुसरी एखादी असती तर इथं थांबली असती. पण स्वप्नालीला वाटलं, आपण चिल्लर माणसांपासून सुरुवात केली हेच चुकलं. जिचे खरे आभार मानायला पाहिजेत ती राहिलीच की!

ती म्हणजे रतनबाई.

रतनबाई नात्यानं चुलत सासू, घर दोन दारं सोडून. दोन्ही लेकी दिंद्रुडला दिलेल्या. तोंड असं फटकळ, की तिच्या अंगणात कावळासुद्धा विचारून बसायचा. पण आठ महिने, रोज दहा ते दोन, राजनंदिनी तिच्याकडं असायची. छबुबाईंचे गुडघे बसलेले आणि राजनंदिनीचे पाय फुटलेले. ती एकदा सुटली की थेट विहिरीकडं. तिला आवरणं एकट्या रतनबाईचं काम. म्हणजे हिशोब सरळ होता: रतनबाई आहे तोवर पोस्ट आहे. रतनबाई नाही, तर खुर्ची गेली आणि स्वप्नाली परत गोठ्यात.

दुपारी स्वप्नाली लेकीला घ्यायला गेली की पोरीच्या केसाला तेल लागलेलं असायचं, गालाला भाताची शितं असायची आणि हातात एक वाटी असायची. वाटीत कधी धपाट्याचा तुकडा, कधी शेंगाची चटणी, कधी उकडलेला हरभरा. ती वाटी दुसऱ्या दिवशी परत जायची. आणि वाटी कधी मोकळी जात नाही, हे सांगायची काय गरज? घरात असेल ते घालायचं. गुळाचा खडा, चार लसूणपाकळ्या, काहीच नसेल तर चिमूटभर साखर. त्या वाटीनं आठ महिन्यांत एवढ्या चकरा मारल्या होत्या, की अजिनाथच्या जीपनं मारल्या नसतील.

गुरुवारी सकाळी स्वप्नालीनं ठरवलं, आज साखर नाही. आज शब्द!

गुलाबी कागद घेऊन ती उंबऱ्याशी बसली. राजनंदिनी शेजारी झोपलेली, तिची एक तंगडी आईच्या मांडीवर. तंगडी हलवली की पोरगी उठणार, म्हणून स्वप्नालीनं अख्खं पत्र अंग न हलवता लिहिलं. मध्येच त्या तळपायाकडं बघत राहिली. कालपर्यंत तो तिच्या मुठीत मावायचा; आता त्याच्या भेगेत माती होती, रतनबाईच्या अंगणातली. डोळे भरून आले आणि मजकूर जरा जडच झाला:

'प्रिय रतनकाकू, थँक्यू! आपण माझ्या मुलीसाठी आजवर जे केलंत त्याबद्दल मी आपली अत्यंत आभारी आहे. आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आपली नम्र, स्वप्नाली.'

पाकीट हाताशी होतं ते खाकी. त्यात पत्र घातलं. रतनबाईची वाटी राखेनं घासून चांदीसारखी केली, तिच्यात पाकीट उभं ठेवलं आणि राजनंदिनीसकट दोन्ही पोचती करून ती पोस्टात पळाली. छबुबाई त्या वेळी न्हाणीत होत्या. बाहेर असत्या तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पुढचं स्वप्नालीला मागाहून कळलं. रतनबाईनं वाटी हातात घेतली. आत गूळ नाही, साखर नाही, लसणाचं साल नाही. खाकी पाकीट! लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाच्या घरात खाकी पाकीट कधी चांगलं सांगायला येत नाही. रतनबाई राजनंदिनीला काखेत आणि वाटीला हातात धरून तडक मोहनरावांच्या ओसरीवर गेली.

मोहनराव आबा माजी सरपंच. गेली पंधरा वर्षं गावातल्या कुठल्याही कार्यक्रमाचे आभार त्यांनीच मानलेले. भाषणाला बाहेरचा चालायचा, आभाराला आबाच. त्यांनी चष्मा लावला, पत्र एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं वाचलं आणि घडी घातली.

"रतनबाई, हे आभारप्रदर्शन हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी कार्यक्रम संपला. आता राष्ट्रगीत तेवढं राह्यलं."

"अन् वाटी मोकळी कावून?"

आबांनी वाटीत डोकावून बघितलं. गंभीर झाले. "हे तर लई सरळ हाय. देनं-घेनं बंद. पन शिकलेली सून, लेखी कळवलं. त्येवडा मोठेपना हाय तिच्यात."

त्या दुपारी रतनबाईनं पोरगी दारातनंच हाती दिली, वाटी दिली नाही, पण घाईत स्वप्नालीच्या ते ध्यानात आलं नाही. शुक्रवारी पावणेदहाला स्वप्नाली नेहमीसारखी रतनबाईच्या दारात. रतनबाई ओट्यावर तूर निवडत बसलेली. राजनंदिनीनं "लतन आजी!" म्हणून हात पुढं केले. रतनबाईनं सूप पुढं केलं, म्हणजे मध्ये.

"काकू, नंदीला घ्या. आज घाई आहे, साहेब येणारेत तपासणीला."

"या, बसा," रतनबाई म्हणाली. "काय काम काढलं तुमी?"

तुमी! आठ महिने हिनं 'अगं', 'भवाने', 'येडे' याखेरीज हाक मारली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर समजूत काढता आली असती. 'तुमी'ची काय समजूत काढणार?

"काकू, असं काय करता? काय चुकलं का?"

"तुमचं कसं चुकंल? तुमी आभार मानले, आमाला पोचले. वाटी मोकळी आली, ती बी पोचली. लई मोठ्या मानसांनी लई मोठं पत्र दिलं. आता गरिबाला तूर निवडू द्या."

घड्याळात दहाला पाच कमी. स्वप्नालीनं लेकीला तशीच कडेवर मारली आणि पोस्टात पळाली.

तपासणीचे साहेब सव्वादहाला आले. शांत माणूस, पांढराशुभ्र शर्ट, बोलणं मोजकं. राजनंदिनी टेबलाखाली खडू खात बसलेली त्यांना दिसली नाही, किंवा त्यांनी दिसू दिली नाही. स्वप्नाली कपाटातनं रजिस्टरं काढायला वळली. दोन मिनिटं. फार तर अडीच.

राजनंदिनीनं आल्यापासून टेबलाखालनं आईला शिक्का मारताना बघितलं होतं. आधी शाईच्या पॅडवर ठक, मग कागदावर ठक. ती खुर्चीवर चढली. पॅडवर ठक! साहेबांच्या बॅगेवर ठक! साहेबांच्या रुमालावर ठक! साहेब फोनमध्ये बघत होते, त्यांची बाही टेबलावर होती. ठक!

स्वप्नाली वळली तेव्हा साहेब स्वतःच्या बाहीकडं बघत होते. पिंपळटाकळी, आजची तारीख, अक्षर अन् अक्षर सुवाच्य. आठ महिन्यांत स्वप्नालीच्या हातून एवढा स्वच्छ शिक्का एकदाही उठला नव्हता.

"झाआलं!" राजनंदिनी म्हणाली आणि आईच्या आवाजात पुढं म्हणाली, "थँकू!"

साहेबांनी फोन खिशात ठेवला. "मॅडम, कामाच्या जागी मूल चालणार नाही."

"आजच्या दिवस साहेब, काय झालं की—"

"उरलेली तपासणी सोमवारी. सोमवारी मला इथं मूल दिसलं, तर मला तसं वर लिहावं लागेल. मग ही खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायची की काय, ते वरचे ठरवतील."

साहेब गेले. बाहीवर तारीख घेऊन गेले.

घरी छबुबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मोकळी वाटी? अगं माझे बाई! वैऱ्याच्या घरी बी मोकळी वाटी धाडू न्हाई! कुनी शिकवलं तुला?"

"साखरेपेक्षा शब्द गोड वाटला, आत्या."

"शब्द काय भाकरीला लावून खायचाय?"

"तुम्ही जाऊन सांगा ना त्यांना."

"मी? मी गेले तर भांडन तीस वर्सं मागं जाईल. माझ्या लग्नात तिनं काय नेसलंतं तितून सुरू व्हईल ते."

मग अजिनाथ गेला. पाच मिनिटांत परत आला.

"काय म्हणाल्या?"

"या म्हनल्या, बसा म्हनल्या. मला! माझी नाळ पुरली तवापसून मला शेंबड्या म्हनती ती. आज म्हनती, 'आजिनाथराव'!" त्यानं डोकं धरलं. "अन् जीपमदी तर तोंड दाखवायची सोय न्हाई ऱ्हायली. कुनाला सरक म्हनलं की म्हनतेत, 'थँक्यू म्हन, मग सरकतो बे!'"

शनिवारी स्वप्नाली पदर डोक्यावर घेऊन मोहनरावांच्या ओसरीवर उभी राहिली. आबांना प्रकरण आवडलं होतं. निवडणूक लांब होती, दिवस मोठे होते.

"सूनबाई, घाबरू नका. उमेदवारी माघारी घेता येती. अविश्वास ठराव माघारी घेता येतो. मग थँक्यू कावून न्हाई? घ्या लिहून. विषय: थँक्यू माघारी घेण्याबाबत."

"असं असतं का आबा कुठं?"

"नसतंय. पन लिहिलं की व्हतंय!"

तिनं लिहिलं. बुडत्याला काडी, आणि इथं तर काडी स्वतः माजी सरपंच. 'महोदया, दिनांक अमुक रोजी मी आपणांस दिलेला थँक्यू कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीनं माघारी घेत आहे. तरी तो दिलाच नव्हता असे समजावे.' आबांनी रतनबाईला बोलावणं धाडलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. रतनबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी आधी लिव्हलंतं उपकार इसरनार न्हाई. ते बी माघारी का?"

आबांनी कागद उलटा करून बघितला. "कायद्यानं बघितलं तर... हो."

"म्हंजी आता इसरली!" रतनबाई उठली. "आठ महिने लेकरू सांबाळलं, ते चार ओळीत इसरली. लई छान. राम राम."

आणि एवढ्यानं भागलं असतं तर! ओसरीखाली चतुराबाई उभी होती. चतुराबाईकडनं विरजण यायचं.

"स्वप्नाली, मी काय म्हनते, रतनबाईला थँक्यू दिला, पाकिटात घालून दिला. दिला तर दिला, माघारी बी घेतला. पन मला मुळातच कावून न्हाई? माझ्या विरजनाचं दही काय कडू लागलं?"

"काकू, तुम्हालाही थँक्यू—"

"आता मागून घेतलेला नगं मला!"

एका घरात दिला म्हणून रुसवा, दुसऱ्या घरात नाही दिला म्हणून रुसवा. संध्याकाळपर्यंत गिरणीवाली, देवळातला गुरव आणि बोअर सुरू करणारा सुंदरराव असे तिघं 'सहज' दारावरून जाऊन आले. छबुबाई म्हणाल्या, "बघ, गावाला थँक्यू लागला! तुजी प्रतिज्ञा पुरी झाली. आता दही कुटनं आनू?"

रविवारी स्वप्नालीनं एक गोष्ट बघितली. राजनंदिनी आपली पाण्याची बाटली गळ्यात अडकवून, एकटीच, तुरुतुरु रतनबाईच्या पायरीवर जाऊन बसली. आत रतनबाई पाठ करून बसलेली. पोरीनं हाक मारली नाही, रडली नाही, नुसती बसून राहिली, एसटीची वाट बघणाऱ्या म्हातारीसारखी. थोड्या वेळानं आतनं एक हात मागं आला. मान वळली नाही, तोंड दिसलं नाही, नुसता हात. हातात धपाट्याचा तुकडा. तो राजनंदिनीच्या हातात गेला आणि हात परत आत. वाटी मात्र आली नाही.

स्वप्नाली भिंतीआड उभी राहून रडली. मग तिला राग आला. रडून झाल्यावर येतो तो, साफ धुतलेला राग.

सोमवारी साडेनऊला तिची अर्धी वेणी झाली होती, अर्धी व्हायची होती. राजनंदिनी न जेवता भाताचं डबडं वाजवत होती. छबुबाईंनी दहाव्यांदा विचारलं, "मग लेकराचं काय करायचं?" आणि स्वप्नालीनं वेणी अर्ध्यातच सोडली. पोरीला उचललं, कंगवा केसात तसाच, आणि ती रतनबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"काकू! बास झालं आता तुमचं सोंग!"

तूर निवडणारा हात थांबला.

"चार दिवस झाले! माझी नोकरी चालली, अन् तुमी तूर निवडत बसल्यात? एवढी कुठली तूर हाय हो तुमची, संपना ती? ही पोरगी काय माझ्या एकटीची हाय का? हिला पळायला कुनी शिकवलं? हिला 'मुडदा बशिवला' कुनी शिकवलं? मी तर न्हाई शिकवलं! बिघडवायला तुमी, अन् सांबाळायला मी व्हय? धरा हिला!"

तिनं राजनंदिनीला सरळ रतनबाईच्या मांडीवर, तुरीच्या सुपातच आदळलं.

"दूधभात चारा! परवापसून धड जेवली न्हाई. अन् केस विंचरा, माझ्याच्यानं आज व्हत न्हाई. अन् आमच्यातला गूळ सपलाय, ढेप फोडून ठेवा, दुपारी नेते!"

दोन दारं पलीकडं छबुबाईंनी गुडघा चोळणं थांबवलं. रतनबाईनं राजनंदिनीकडं बघितलं, सांडलेल्या तुरीकडं बघितलं, मग स्वप्नालीकडं. आता ही बाई सूप फेकून मारणार, म्हणून स्वप्नाली एक पाऊल मागं सरली.

"कावून गं भवाने," रतनबाई म्हणाली, "चार दिवस हे तोंड कुटं ठिवलंतं?"

'गं'! 'भवाने'!

"मानूस आपल्या मानसाला असं बोलतंय. अन् तू धाडतीस पाकीट! जसं काय मी तालुक्याची अधिकारी!" राजनंदिनी तोवर तिच्या खांद्यावर चढली होती आणि दोन्ही मुठींनी तिचा अंबाडा धरून बसली होती. रतनबाईनं डोळे पदरानं पुसले, वर "धूळ लई झालीय," असंही सांगितलं. "जा, पळ. अन् तो कंगवा काढ डोस्क्यातला, साहेब भिईल."

स्वप्नाली वळली. जिंकली! पोरगी पोचली, खुर्ची वाचली, दहाला अजून बारा मिनिटं!

"थांब गं!"

ती थांबली.

"मला आज केजला जायचंय, चष्मा आनायचाय. नंदीला नेते संगं, अजिनाथच्याच जीपनं. पन माजी करडं हायेत ना दोन. शेळी रानात गेली. गल्लीत कुत्रं लई माजलंय, परवा एक वासरू धरलंतं. ने तुज्या संगं पोस्टात. बांध टेबलाला."

"काकू! अहो आज साहेब येणारेत! पोस्टात करडं कशी—"

"का?" रतनबाईनं शांतपणे विचारलं. "तुजं लेकरू मी बघायचं, अन् माजी तू न्हाई बघायची?"

आता तुम्हीच सांगा, याला उत्तर आहे का? ट्रेनिंगमध्ये तर शिकवलेलं नव्हतं.

साहेब सव्वादहाला आले. आज शर्ट गडद होता, आणि बाह्या कोपरापर्यंत वळवलेल्या. दारातच थांबून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कपाटामागं बघितलं. खुर्चीवर बघितलं. मग वाकून टेबलाखाली बघितलं, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. टेबलाच्या पायाला दोन करडं बांधलेली, एक काळं, एक कबरं. कबऱ्यानं साहेबांच्या बुटाची लेस तोंडात घेतली.

"मॅडम, हे काय?"

"साहेब," स्वप्नाली उभी राहिली, "मूल नाहीये."

साहेबांनी लेस सोडवून घेतली. बसले. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत छताकडं बघत राहिले; पंखा हलत होता. करडांबद्दल कुठं काही वाचल्याचं त्यांना आठवेना, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्यांनी रजिस्टरं तपासली. सगळी चोख होती. त्यांनी कोरा कागद घेतला, शेरा लिहिला, खाली सही केली आणि तिच्यापुढं सरकवला. 'काम समाधानकारक. कार्यालयात मूल आढळले नाही.'

"ही प्रत जपून ठेवा," ते म्हणाले. "वरून कुणी विचारलं तर हीच दाखवायची."

स्वप्नाली त्यांना दारापर्यंत पोचवायला गेली. जिभेच्या टोकावर एक शब्द येऊन बसला होता. तिनं तो दातांनी धरून ठेवला आणि नुसती मान हलवली. साहेबांची मोटारसायकल सुरू झाली. ती हसत हसत आत आली.

शेरा टेबलावर नव्हता. शेरा टेबलाखाली होता. काळ्याच्या तोंडातनं 'आढळले नाही' एवढंच बाहेर लोंबत होतं. तिच्या डोळ्यांदेखत तेही गेलं.

स्वप्नाली रस्त्यावर धावली. पदर कुठं, चप्पल कुठं! मोटारसायकल देवळाच्या वळणावर होती. साहेबांना कसं थांबवायचं? विनंती, क्षमस्व, कृपया, असले सगळे शब्द एकदम घशात आले आणि एकमेकांत अडकून बसले. आणि मग बाहेर पडलं ते हे:

"ओ साहेब! चालले कुटं? फिरा माघारी! तुमचं लिव्हलेलं करडानं खाल्लं, दुसरं लिहून द्या! अन् एवढ्या उन्हाचं उपाशी कुटं निघालात? जेवल्याबिगर गेलात तर बघा!"

बोलून झालं आणि तिनं स्वतःचंच तोंड दाबून धरलं. गेली! आता खुर्ची नक्की गेली!

मोटारसायकल थांबली. साहेबांनी मागं बघितलं. आणि वीस वर्षांच्या नोकरीत कुणी रागावलंच नव्हतं असा चेहरा करून त्यांनी गाडी मुकाट्यानं वळवली.

छबुबाईंनी पिठलं टाकलं. साहेबांनी तिसरी भाकरी स्वतःच मागून घेतली, वर ठेचा मागितला, आणि पाण्याचा तांब्या मोकळा आहे म्हणून स्वप्नालीवर थोडं डाफरलेसुद्धा. हात धुऊन ते पोस्टात आले आणि त्यांनी शेरा पुन्हा लिहिला, शब्द न् शब्द तोच. फक्त या वेळी उभ्यानं लिहिला. कपाटाच्या डोक्यावर कागद ठेवून.